टॉवेलाआडची हाक

आमच्या घरमालकांइतका संशयी माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरा नसेल, आणि असलाच तर तो खरोखर संशयी आहे की नुसतं सोंग करतोय, असा संशय आमचे मालक आधी घेतील. भवानी पेठेत त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहतो. चाळीस वर्षं यंत्रमागावर टॉवेल विणून ते निवृत्त झाले. खांद्यावरचा टॉवेल तेवढा अजून कामावर आहे. शेंगाचटणी घेताना दुकानदाराला ती आधी स्वतः खाऊन दाखवावी लागते. घरात तीन घड्याळं आहेत, कारण एकावर विसंबणं धोक्याचं. तिन्ही वेगवेगळी वेळ दाखवतात, मग मालक रस्त्यावरच्या एखाद्याला थांबवतात आणि त्याच्या तोंडी उत्तरावर न जाता त्याचं मनगट धरून घड्याळ स्वतः वाचतात. त्यात भर म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची सवय. नळाला पाणी नाही हे सांगायला मी एकदा खाली गेलो, तर त्यांनी माझे ओठ असे न्याहाळले की वर पाणी धो धो वाहतंय आणि मीच थापा मारतोय, असं मला वाटायला लागलं.

हा संशय माझ्या मुलीपर्यंत येईल असं मात्र वाटलं नव्हतं. मनू तीन वर्षांची होत आली होती आणि ‘आ’, ‘बा’ यापलीकडे तिची गाडी सरकत नव्हती. वैरागहून आई फोनवर म्हणायची, “तू तरी कुटं लवकर बोलला हुतास?” तेवढ्यावर मी निश्चिंत होतो. एका रविवारी बघतो तर मनू लाकडी जिन्याच्या खालच्या पायरीवर बाहुली घेऊन बसलेली, आणि तिच्या पाठीमागे मालक तोंडावर टॉवेल धरून हळूच म्हणतायत, “पोरी, चॉकलेट पायजे का?” मनूचं लक्षच नाही. आता संशय घ्यायची पाळी माझी होती. मी ताडताड जिना उतरत हाक मारली, “मनू!” ती लगेच वळली.

“जिना हालला म्हणून वळली,” मालक म्हणाले. “आता तितंच थांबा, पाय हलवू नका, आन् मारा हाक.”

मनू पुन्हा बाहुलीत रमल्यावर मी हाक मारली. मग जरा मोठ्यानं मारली. मनू बाहुलीचे केस विंचरत राहिली.

“खेळात गुंगलीय ती,” मी म्हणालो.

“साहेब, ही पोरगी तोंड बघून ऐकती. मागाच्या खडखडाटात आमी असंच ऐकायचो की. मी लई दिवस बघतोय.”

मी चिडलो. चटणी-घड्याळांपर्यंत ठीक होतं, पण माझ्या लेकीत खोट काढणारे हे कोण? आठ दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. शेवटी बायको म्हणाली, “मलाही कधीपासून वाटतंय. तुम्ही चिडाल म्हणून गप्प बसले.” याची मला आजही लाज वाटते.

कान तपासायला निघालो तर मालक न बोलावता रिक्षात बसलेले. डॉक्टरांच्या मशीनवर त्यांचा भरवसा नव्हता. तिथं पोचल्यावर तपासणाऱ्या मॅडमना त्यांनी सांगून टाकलं, “आदी माज्यावर चालवून दाखवा.” मॅडम हसल्या आणि त्यांना आवाजबंद खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. मालक दर वेळी बरोबर बटण दाबत होते. मॅडमनी जरा वेळ काचेतून त्यांच्याकडे पाहिलं, मग आत जाऊन त्यांची खुर्ची भिंतीकडे फिरवली. मालक इतका वेळ काचेतून मॅडमचा हात बघत होते. आता मॅडम आवाज सोडत होत्या, वाढवत होत्या, आणि मालक हातात बटण धरून शहाण्या मुलासारखे भिंतीकडे बघत बसले होते. बाहेर येऊन ते म्हणाले, “तुमचं मशीन मधीच बंद पडलं की.”

मग मनूची पाळी. आवाज ऐकला की रिंग खुंटीवर टाकायची, असा खेळ होता. मोठ्या आवाजाला तिनं रिंगा टाकल्या, हलक्या आवाजांना रिंग हातातच राहिली. दोन्ही कानांना कमी ऐकू येत होतं. “आधी आणायला हवं होतं,” मॅडम म्हणाल्या, “पण अजून वेळ गेलेली नाही.” मी मान खाली घातली. मालकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

आता मनू दोन्ही कानांत मशीन घालून दिवसभर बडबडते. अक्षरं अजून अडखळतात, पण थांबायचं नाव नाही. मालकांना मात्र स्वतःला मशीन नको. “माजं काय न्हाय, आजकाल लोकंच हळू बोलत्यात,” म्हणतात. त्यांच्या संशयीपणावर मी फार हसलोय आणि आता वाईट वाटतं. इतकी वर्षं त्यांना फक्त हलणारी तोंडं दिसत होती. ती आपल्याविषयीच हलतायत असं कुणालाही वाटलं असतं.

संध्याकाळी मनू पायरीवर बसून त्यांना गोष्ट सांगते. सांगता सांगता तिचं तोंड बाहुलीकडे वळतं. मग मालक हळूच तिच्या खांद्याला हात लावतात. “पोरी, हिकडं बघून बोल की.” मनू उठते, त्यांच्या समोर येऊन बसते आणि गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागते.