अकरा एक आणि आमचा अण्णा

त्या दिवशी सकाळी अण्णानं २१६४७ नं भागलं. बाकी आली ९०६९. वहीत लिहिलं, पेनाला टोपण घातलं, "गौरा, चहा ठेव" म्हणाला आणि मी चहा आणेपर्यंत गेला. एवढी घाई त्यानं आयुष्यात एकदाच केली.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ संताजीराव. माझा नवरा गेल्यापासून मी विजयनगरात त्याच्याकडेच. आमचे आजोबा कापडं रंगवायचे, ह्यानं गाड्यांच्या नंबर प्लेटी रंगवल्या. स्टिकर आले, काम गेलं. मग चामराजपुरमचे शेषगिरी मास्तर देवासारखे भेटले. म्हणाले, नुसते एक लिहीत जायचं, आणि आकडा कशानं तुटतो, म्हणजे बाकी न उरता भागला जातो, ते बघायचं. तीन एक, म्हणजे १११, ३७ नं तुटतात. सात एक २३९ नं. ते अण्णानं दोन दिवसात तोडलं. आठ, नऊ, दहा तर सुम्ने, सहज, बघता बघता. अकरा एक मात्र तुटेनात.

"तुटतही नसेल हो," मास्तर म्हणाले. "पण तसं म्हणायला एक लाख पाच हजारापर्यंत भागून बघायला पाहिजे."

"बघतो की. मला दुसरं काय काम?"

नाहीच होतं. नळ सहा महिने गळत होता, पण ते काय काम! जे आकडे स्वतः तुटत नाहीत तेवढ्यांनीच भागलं तरी चालतं, एवढी दया मास्तरांनी केली, तशा आकड्यांची यादीही दिली. तरी सहा वर्षं गेली. कॅलक्युलेटरात आठच आकडे मावतात, म्हणून सगळं हातानं.

"अहो, तो तुटायच्या आधी मी तुटेन," भानुमती वहिनी म्हणायची.

"तुला कितीनं भागू, सांग."

दहाव्याला श्रीरंगपट्टणला कावेरीकाठी पिंड ठेवला. झाडभर कावळे, एकही शिवेना. वहिनी म्हणाली, मी नीट राहीन. जावई म्हणाला, आईंना मी बघतो. कावळे शहाणे, कुणाचंच खरं मानेनात. भटजी घड्याळ बघायला लागले. शेवटी मीच ओरडले, "अण्णा, पुढचा भागाकार मी करते, जा रे बाबा!" आयतु, झालं काम. एक आला, घास उचलला, गेला.

मी चौथी पास. मास्तरांच्या यादीत पुढचा आकडा २१६४९. घरी येऊन केला. बाकी शून्य. चुकलं असेल म्हणून परत केला. शून्य. उलटा गुणाकार केला, तर अकरा एक ओळीनं उभे. सहा वर्षं दम धरलास, शहाण्या, अजून दहा मिनिटं थांबता आलं नाही तुला.

वहिनी बीन्स चिरत होती. ह्या वह्या बंबात घालते म्हणून रोज ओरडणारी. हात पुसले, चष्मा लावला, बराच वेळ बघत बसली. मग भागाकार म्हणून वर आलेल्या ५१३२३९ वर बोट ठेवलं.

"आणि हा गं? हा तुटतो का?"

"मला काय माहीत?"

"मग बस इथं," म्हणाली, आणि बीन्सचं ताट बाजूला सरकवलं.