शिवीतली आई

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर निखिलला ‘चहाला येतोस का’ हेही त्याच्या आईवरून शिवी देऊनच विचारतात. तोही हसून तीच शिवी परत पाठवतो. इंग्रजी शाळेत मी शिव्याही इंग्रजीच ऐकल्या. त्या कधी कुणाला लागतील असं वाटलं नाही. या मराठी शिव्याही मी तशाच अंगठ्यानं वर सरकवत आले.

काल नोट्स आणायला निखिलकडे गेले. तो आंघोळीला गेला होता. त्याच्या आईनं गाऊनला हात पुसत दार उघडलं आणि माझ्यापुढे गरम थालीपीठ ठेवलं. तेवढ्यात माझा फोन उजळला. ग्रुपवर तीच शिवी होती. मी फोन पालथा घातला. त्या शिवीत एक बाई असते आणि तिच्या गालाला पीठ लागलेलं असू शकतं, हे मला पहिल्यांदाच दिसलं.

“दिवसभर काय बोलता गं ग्रुपवर?” काकूंनी विचारलं. “माझा विषय निघतो का कधी?”

“निघतो, काकू.”

“चांगलंच बोलत असाल,” म्हणत त्यांनी थालीपिठावर आणखी लोणी घातलं.

टेबलावर पालथा फोन पुन्हा थरथरला.