घोरपडीची शेपटी की बंगल्यातलं झाड

नाकाडोंगरीजवळ खाणीच्या साहेबाच्या बंगल्यात मी झाडलोट करायची. तिथल्या अंगणात थंड मुलखातून आणून लावलेलं एक उंच झाड होतं, देवदाराच्या नात्यातलं म्हणे. आपल्या झाडांसारखी पानं त्याला नव्हतीच, फांदीभर नुसते खवले. वाळलेल्या फांद्या दोरीसारख्या खाली पडायच्या. चुलीत त्या लगेच पेटत, म्हणून मी कोणाला न विचारता ओटीत घालून घरी न्यायची.

त्याच दिवसांत सासूचे गुडघे धरले. कोणीतरी घोरपडीची चरबी चोळायला सांगितली. घोरपड मारायला तेव्हा बंदी आली होती. "पाहतो," एवढंच हे म्हणाले. चार दिवसांनी सासूच्या गुडघ्यांना उग्र वास येऊ लागला. मी विचारलं नाही. यांच्या हातांकडे मात्र बघत राहिले.

एका सकाळी जंगल खात्याचा नाकेदार दारात उभा. कोणीतरी चुगली केली असावी. चुलीमागच्या अंधारातून त्याने राखेत माखलेलं, हातभर लांब, खवल्यांचं काहीतरी ओढून काढलं.

"काय गा, शेपटी इथं, मंग बाकीची कुठं हाये? पोटात?"

"मीनं नाही मारली, साहेब," हे म्हणाले.

"चाल, तिकडं सांगजो. आत टाकतो तुले."

मलाही ती शेपटीच वाटली. परक्या माणसापुढे मी कधी तोंड उघडत नसे. तरी पुढे झाले, हात लावला. खवल्याचं टोक बोटात घुसलं. घोरपड मी माहेरी जवळून पाहिली होती. तिचे खवले मण्यांसारखे, टोचत नाहीत. तिची शेपटी दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी असते, हे सगळीकडून गोल होतं. मी ते मोडलं. आत लाकूड.

"साहेब, हे बंगल्यातल्या झाडाचं होय. मीनं आणलं."

"इचारून?"

"नाही."

"म्हणजे नवरा सुटला अन् बायको चोर!" तो हसला, तुकडे अंगणात फेकून निघून गेला.

हे उंबऱ्यावर बसले. मग म्हणाले, "मारली असन म्हणून वाटलं ना तुले? तुनं आधी हात लावून पायला."

मी होकारार्थी मान डोलावली. खोटं बोलवलं नाही.

"त्याच्यापुढं ते नाही बोलली, बरं केलं."

न जेवताच ते कामावर गेले. मारली होती की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही.