माहेरचा लोखंडी आकडा

आईचा आकडा मला कचऱ्याच्या पिशवीत सापडला. आणि तो कचरा वेगळा करत होते मीच.

जपानमधल्या कावासाकीत वॉर्डाच्या हॉलमध्ये आमच्या मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. हॉल सोडताना कागदाचा कपटाही मागे ठेवायचा नाही. सगळा कचरा वेगवेगळा करून घरी न्यायचा. जळणारा, प्लास्टिक, बाटल्या, धातू. तीन वर्षं हे काम माझ्याकडे होतं. कुणी नेमलं नव्हतं. पहिल्या कार्यक्रमात मी पिशव्या पटापट लावल्या, तेव्हा मंडळ चालवणाऱ्या मंजिरीताई म्हणाल्या, "काय हात चालतो गं तुझा! आम्हाला नाही बाई जमत." सगळ्या हसल्या. मीही हसले. तेव्हापासून तिळगूळ वाटून झाला की रबरी हातमोजे माझ्यासमोर यायचे.

हात का चालतो, ते मी सांगितलं नव्हतं. माझी आई पुण्यात कचरा वेचायची. शाळेला सुट्टी असली की मी तिच्याबरोबर. काच वेगळी, पुठ्ठा वेगळा, पत्रा वेगळा. हे शिकायला मला जपानला यावं लागलं नाही.

मंडळात मात्र "आई महापालिकेत होती" एवढंच. नवऱ्याचं आडनाव वरच्या-खालच्या दोन्ही जातींत चालतं. पहिल्या भेटीत मंजिरीताईंनी "म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?" असं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी पुणं सांगितलं. पोटच्या पोरीलाही थाप मारली. आजी ऑफिसात जायची म्हणून.

यंदा मंजिरीताईंनी ग्रुपवर लिहिलं, प्रत्येकीनं माहेरची एक वस्तू आणा, इथे वाढलेल्या मुलांना दाखवू.

आमच्या माहेरी वस्तू होत्या. भिंतीवर घड्याळ होतं. कुकर होता. माझं दप्तर होतं. सी अक्षरापासून सुरू होणारी इंग्रजी डिक्शनरी होती, आधीची पानं गेलेली. सगळं कुणी ना कुणी टाकलेलं. त्याच डिक्शनरीवर मी इंजिनियर झाले, आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली. नवी वस्तू एकच. आईचा आकडा. लोहारापुढे बसून, आपल्या हाताच्या मापाचा ठोकून घेतलेला. ढिगात हात घालायच्या आधी त्यानं कचरा उकरायचा. आई म्हणायची, "ह्यो कुणाचा उष्टा न्हाय."

ती गेल्यावर भावानं विचारलं, "ताई, तुला काय पाहिजे?" मी आकडा मागितला. तिच्या लुगड्यात गुंडाळून इथे आणला आणि कपाटात लपवला. बाकीच्या बायका माहेरची आठवण शोकेसमध्ये मांडतात. माझी मी चोरीच्या मालासारखी ठेवली.

या वेळी नेला. का, ते नीट सांगता येणार नाही. लपवून थकले होते.

टेबलावर चांदीचं निरांजन होतं, पुरणयंत्र होतं, कुणाच्या आजीची पैठणी होती. त्यांच्या शेजारी मी आकडा ठेवला. चिठ्ठीवर लिहिलं, 'माझ्या आईचा.'

मंजिरीताई आल्या. "हे काय गं? विहिरीतली बादली काढायचा गळ?"

"नाही. कचरा वेचायचा."

त्यांचं हसू तसंच राहिलं. मग हळूच म्हणाल्या, "अगं, इथे हळदीकुंकवाचं ताट आहे. आणि मुलं हात लावतील, लागेल बिगेल." कागदी रुमालानं, दोन बोटांत धरून उचलला. दाराशी बुटांच्या कपाटावर नेऊन ठेवला.

मी काही बोलले नाही. हे मला अजून खुपतं. त्यांनी तो उचलला त्यापेक्षा जास्त खुपतं.

मी हळदीकुंकू लावून घेतलं. तिळगूळ खाल्ला. दुसऱ्यांच्या माहेरची कौतुकं ऐकली. मग हातमोजे आले. धातूच्या पिशवीत हात घातला. रिकामे कॅन, फॉइल, आणि खाली आकडा.

मी तिथेच बसले. आमच्या घरातली एकच वस्तू होती, जी कुणी टाकलेली नव्हती.

"हा कुणी टाकला?"

"अय्या, मीच," मंजिरीताई म्हणाल्या. "सॉरी हं. गंजलेला होता, मला वाटलं तू टाकायलाच आणलायस."

"पुढच्या वेळी छानसं काहीतरी आण ना," मागून एक म्हणाली. "तुमच्यात चांदीबिंदी नसेल, पण..."

तुमच्यात. वाक्य तिनं पुरं केलं नाही. सगळ्यांना कळलं होतं, मी कोण ते. बहुतेक पहिल्या दिवसापासूनच.

मी हातमोजे काढून टेबलावर ठेवले, निरांजनाशेजारी.

"आजपासून हे काम मी करणार नाही."

"इतकं काय मनाला लावून घ्यायचं? संक्रांत आहे, गोड बोल की."

"माझी आई पुण्यात तुमच्यासारख्यांच्या सोसायट्यांचा कचरा उचलत मेली. काच लागून तिचा हात सडला होता, ताई. मी तुमचा उचलणार नाही."

आकडा ओढणीनं पुसला आणि पोरीचा हात धरून निघाले.

ट्रेनमध्ये पोरीनं जपानीत विचारलं, "आजी कचरा वेचायची?"

"हो."

"मग ऑफिसात जायची म्हणालीस ते?"

"खोटं बोलले."

"का?"

मला लाज वाटत होती, हे आठ वर्षांच्या मुलीला सांगावं लागलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. खिडकीबाहेर बघत राहिली. आईच्या मयतालाही मला इतकं पोरकं वाटलं नव्हतं.

दोन दिवसांनी मंजिरीताईंचा मेसेज आला. 'झालं गेलं विसर. पाडव्याला ये. फक्त तो विषय मुलांसमोर नको, त्यांना काय कळणार?'

मी लिहिलं, 'येते.'

जाणार आहे. मुलांसमोरच उभी राहणार आहे. माझी आई काय काम करायची, ते काम तिच्याच वाट्याला का आलं, सगळं सांगणार आहे. मराठीत सांगेन. ज्यांना मराठी समजत नाही त्यांना जपानीत. आणि जपानी त्या मुलांना त्यांच्या आयांपेक्षा चांगलं कळतं.