काठीअक्काच्या डावीकडची जागा

आमची काठीअक्का फोटो काढताना आपल्या डाव्या बाजूला कुणालाही उभं राहू द्यायची नाही. लग्न असो, बारसं असो, उजव्या हातात सेल्फी स्टिक लांबवून ती मधोमध उभी राहायची आणि डावीकडच्यांना हटवायची. "सरका जरा. माणूसभर जागा ठेवा." कुणी नवखा विचारायचा, कुणासाठी? "यायलेत," एवढंच उत्तर मिळायचं. नवखा बिचारा रस्त्याकडे बघत राहायचा. फोटो निघायचा, लोक जेवायला पळायचे, आणि आलेलं तर कुणीच नसायचं.

अक्का म्हणजे माझी आत्या. हुलसूरजवळच्या आमच्या गावात तिचं घर आमच्या घराला लागूनच. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची आणि ती सगळ्या गल्लीवर डाफरायची. काठीअक्का हे नाव मात्र माझ्यामुळे पडलं. मी गुलबर्ग्याला नोकरीला. गुडघे दाखवायला तिला तिकडे नेलं, तर डॉक्टर म्हणाले, "आता काठी वापरत जा." परतताना स्टेशनबाहेर मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या गाड्यापाशी ती अडून बसली. गाडेवाल्याने सेल्फी स्टिक ओढून लांब करून दाखवली, पुन्हा मिटवली. अक्काने ती तीनदा उघडमीट करून घेतली. मी म्हटलं, "अगं, ही चालायची काठी नाही."

"ठाऊक हाय मला. फोटो काढणाराबी फोटोत येतंय का न्हाई हिनं?"

"येतो."

"मग हीच घे. गुडघ्याचं बघू मागून."

तिचं हे वेड कशातून आलं ते आम्हाला ठाऊक होतं. तिचे यजमान, आमचे फोटोमामा, हुलसूरला स्टुडिओ चालवायचे. पंचक्रोशीतली सगळी लग्नं, शाळेचे सगळे वर्ग, म्हाताऱ्यांचे शेवटचे फोटो त्यांनी काढले. एका डोळ्यावर कॅमेरा लावून ते म्हणायचे, "हलू नका, मी हाय हितं." आणि ते कायम तिथेच, कॅमेऱ्यामागे राहिले. त्यांच्या लग्नात फोटोग्राफर बोलवायची ऐपत कुणाची नव्हती, आणि पुढे त्यांचा फोटो काढायचं कुणालाच सुचलं नाही. ते गेले तेव्हा जलदान विधीला पांढऱ्या कापडावर ठेवायला फोटो सापडेना. मतदार ओळखपत्रावरचा मोठा करून आणला, तर त्यात नुसतं नाक आणि भोवती काळोख. अक्काने तो बघितला आणि विचारलं, "हे कोण?" शेवटी आम्ही कापडावर त्यांचा कॅमेराच ठेवला. फुलं, मेणबत्त्या, समोर हात जोडलेले लोक, आणि मधे ती काळी काच आमच्याकडे रोखलेली. त्या विधीत कुणी मान वर केली नाही. मला तर सारखं वाटत होतं, आता आवाज येईल, हलू नका.

पुढे काठी आली आणि अक्का सुटलीच. "मी काढतो, तुम्ही थांबा," असं कुणी म्हटलं की ती खवळायची. "तू कामून भाईर? तुला काय तोंड न्हाई?" तिच्या प्रत्येक फोटोत तिचा गोंदलेला उजवा हात खालच्या कोपऱ्याकडे लांबलेला दिसतो, आणि डावीकडे ती जागा. गल्लीत कुजबुज व्हायचीच. शेजारची एकजण तर तिला अंगारा लावून घे म्हणाली. अक्काने तिला दारातूनच परतवलं. "आपण बुद्धाची माणसं. भूतबित मानत न्हाई आपण. घरच्या माणसाला जागा ठेवली, त्यात भूत कुठलं आलं?"

खरी गोष्ट फोनच्या काचेवर दिसायची. फोटो घेताना फोन माणसाचं तोंड ओळखतो आणि त्याभोवती बारीक पिवळी चौकट उमटते, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. आम्ही उभे राहिलो की चेहऱ्याचेहऱ्यावर चौकटी यायच्या. तरी अक्का बटण दाबायची नाही. हात भरून आला, पोरं किरकिरायला लागली, तरी थांबायची. मग त्या मोकळ्या जागेत, मामांच्या उंचीवर, एक चौकट थरथरत उमटायची. "आले," म्हणून ती अंगठा दाबायची. मी पहिल्यांदा ते पाहिलं ते नौबादला, चुलतबहिणीच्या लग्नात. पाठीमागे नुसता पांढरा पडदा होता. त्या फोटोत मी डोळे फाडून आले आहे.

माझा भाऊ राजू मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. तो हसला. "जुना फोन हाय अक्का, काच चरचर चिरलीय. भिंतीवरबी तोंड दिसतंय त्याला. नवा घे, चौकट जाईल."

"मग ऱ्हाऊ दे हाच," अक्का म्हणाली.

पण ती भोळी नव्हती. फोटो निघाला की कोपऱ्यात जाऊन ती रिकामी जागा दोन बोटांनी मोठी मोठी करत न्यायची, पार ठिपके ठिपके होईपर्यंत. मग फोन पदराने पुसून ठेवून द्यायची. एकदा मी जवळ जाऊन बसले. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोरी, त्यांचं तोंड जायलंय माझ्या ध्यानातून. आवाज हाय. चालणं हाय. तोंड आठवाया गेलं की त्या कार्डावरलं नाक येतंय. एकदा तरी फोटोत यावं की त्यांनी. मरायच्या आधी बघून घेते, मग जावं वाटतंय." मला रडू आलं. त्यावर ती खेकसली, "रडतीस काय? चहा ठेव."

शेवटच्या हिवाळ्यात तिचे हात गळाले. भाकरीचा तुकडा मोडायलाही आई लागायची. काठी दाराजवळ उंच खिळ्याला, मामांच्या कॅमेऱ्याशेजारी मिटवून टांगलेली असायची. ती काढून द्यायला आणि ओढून लांब करायला आमच्यापैकी कुणीतरी लागायचं. एके दिवशी आम्ही सगळे नातलगाच्या लग्नाला बिदरला गेलो. अक्काला आईने अंगणात लिंबाखाली खुर्चीवर बसवलं, दुपारी शेजारीण येऊन भरवून गेली. ऊन उतरता उतरता आम्ही परतलो, तर अक्का खुर्चीतच होती, मान किंचित डावीकडे कललेली. अंग गार पडलं होतं. फोन मांडीवर होता. काठी खिळ्याला होती, मिटवलेली.

जलदानाला फोटो हवा म्हणून मी तिचा फोन उघडला. शेवटचा फोटो त्याच दुपारचा निघाला.

अंगणातली खुर्ची. वरून, काठीच्या उंचीवरून घेतलेला फोटो. अक्काचे दोन्ही गोंदलेले हात मांडीवर, एकात एक. डावीकडे माणूसभर जागा मोकळी, आणि तिकडूनच काठीचं काळं टोक खालच्या कोपऱ्यात आलेलं. ती फोनकडे बघत नव्हती. तिची नजर त्या मोकळ्या जागेत, वर, उभ्या माणसाच्या तोंडाकडे होती. आणि ती हसत होती. उभ्या जन्मात अक्काला असं लाजून हसताना मी पाहिलं नव्हतं.

राजूने फोटो बराच वेळ पाहिला. शेजारणीने काढला असेल म्हणाला. शेजारणीला फोन उचलायलासुद्धा येत नाही. मग टायमर लागला असेल म्हणाला. मग फोन माझ्या हातात परत दिला.

बिदरच्या फोटोवाल्याने विचारलं, "मॅडम, ही डावीकडची रिकामी जागा कापून टाकू? अक्का मधोमध येतील." मी नको म्हटलं. फ्रेम मोठी झाली, हार दोघांच्या मापाचा घ्यावा लागला. फोटोत मामा दिसत नाहीत, कुणालाच दिसत नाहीत. पण अक्काला त्यांचं तोंड दिसलं, एवढं मी त्या हसण्यावरून खात्रीने सांगू शकते, आणि मला तेवढं पुरतं.

परवा लांबच्या नातलगांना पाठवायला म्हणून मी भिंतीवरच्या त्या फ्रेमसमोर माझा फोन धरला. अक्काच्या तोंडावर चौकट आली. मी थांबले. हाताला सवय लागलेली. मग तिच्या डावीकडे, मोकळ्या जागेत, दुसरी चौकट आली आणि न थरथरता स्थिर राहिली.

"आले," मी म्हटलं आणि बटण दाबलं.

राजू मागे उभा होता. तो काही बोलायच्या आतच मी त्याला सांगितलं, "हा फोन नवा आहे."