केसरने आणलेला कप

माझ्या सासूबाईंना, जाईबाईंना, अख्खी चाळ कामाला लावते. एका खाजगी दवाखान्यात तीस वर्षं आयाचं काम करून रिटायर झालेली ही बाई. कल्याण पूर्वेला आमची चाळ. कुणाचं रेशनकार्ड अडलं, कुणाच्या पोरीचं ॲडमिशन लटकलं, की आमच्या दारात हाक, "जाईबाई, चला ना!" आई ऑफिसच्या खिडकीपुढे उभ्या राहिल्या की आतला साहेब आपोआप चष्मा शोधायला लागतो. मी वागळे इस्टेटला पॅकिंगच्या कामाला जाते. घरी येऊन बघावं तर ओट्यावर भांडी तशीच आणि आई कुणाच्या तरी कामाला बाहेर. चिडते मी. चिडणार नाही तर काय!

दिवाळीनंतर मागच्या गल्लीत केसर राहायला आली. नवरा खेमो, सहा वर्षांची मुलगी मोरां. पाकिस्तानातून, सिंधमधून आलेले, कायमचे. पाकिस्तान म्हटलं की घरमालक दारच लावून घ्यायचे. आईंनी त्यातल्या एकाला असा झापला की त्याने मुकाट्याने खोली दिली. खेमोला उल्हासनगरला जीन्स शिवायच्या कारखान्यात चिकटवला तोही आईंनीच. मोरांला शाळेत घेत नव्हते, तर आई दोन दिवस ऑफिसच्या बाहेर ठाण मांडून बसल्या. "अहो, सख्ख्या नातवासाठी तरी एवढं केलंत का?" मी म्हटलं. "तुझ्या लेकाला कुणी परत पाठवणार नाहीये," त्या म्हणाल्या.

आता एकच काम उरलेलं. लांब मुदतीच्या व्हिसाच्या कागदाला इथल्या माणसाची हमी लागते. सोमवार शेवटचा दिवस. कागद गेला नाही तर परत पाठवतील, या धास्तीने खेमोचं जेवण सुटलेलं. ओळखीचं म्हणावं असं इथे आईंशिवाय त्यांचं कुणीच नव्हतं. आई म्हणाल्या, "मी आहे ना. सही मी करते."

शनिवारी मला हाफ डे. मोरांला शाळेतून घेऊन केसर तशीच कागद घेऊन आली. एरवी ती दारातच बसायची, काम झालं की पळायची. त्या दिवशी आईंनी तिला हाताला धरून आत घेतलं. मोरां उंबऱ्यावरच बसली. मी चहा टाकला, आमचे चांगले, फुलाफुलांचे कप काढले. तेवढ्यात केसरने ओढणीखालून एक कप काढला, जमिनीवर ठेवला आणि म्हणाली, "इसमें डालो, अम्मा."

आईंचा चेहरा बघवेना. आईंच्या दवाखान्यात एक नर्सबाई होती. तीस वर्षांत आईंच्या हातचं घोटभर पाणी प्यायली नाही. 'मला बाहेरचं चालत नाही' म्हणायची आणि घरून बाटली आणायची. आई तेव्हा नोकरीसाठी गप्प बसल्या. आता कशाला बसतील?

"बौद्धाच्या घरच्या कपाने बाटतेस काय गं? तुझ्यासाठी मी लोकांचे उंबरे झिजवले आणि माझ्याच घरात येऊन मला जात दाखवतेस? घे तुझे कागद! सही नाही होणार!"

मीही तोंड सोडलं. कशाला खोटं बोलू, इतक्या दिवसांचा राग होता, तोही काढला.

केसरला मराठी कुठलं कळायला? तिला 'जात' कळलं आणि 'सही नाही' कळलं. ती पांढरीफटक पडली. एकदम वाकली, कपाळ फरशीला टेकवलं. "अम्मा, क्या छू गया मुझसे? मैंने कोई बर्तन नहीं छुआ. दीवार को हाथ लगा क्या? मैं धो देती हूँ."

ती ओढणीनेच फरशी पुसायला लागली.

"हम मेघवाल हैं, अम्मा. नीची जात. उधर होटल में हमारा कप अलग, बाहर रहता है. आपका कप खराब न हो, इसलिए अपना लाई."

बाई गं! माझ्या हातातली गाळणी खाली पडली. तिला वाटलेलं, आम्ही वरचे! जन्मात पहिल्यांदा कुणीतरी आम्हाला वरचं समजलं आणि आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आई तिच्यासमोर फरशीवर बसल्या. त्यांच्या माहेरच्या गावी चहाच्या दुकानाबाहेर खिळ्याला एक कानतुटका कप अडकवलेला असायचा. त्यांच्या बापाने त्यातच चहा प्यायचा आणि धुऊन परत अडकवायचा. लग्न होऊन कल्याणला उतरल्या तेव्हा स्टेशनबाहेर सगळ्यांच्याच ग्लासात त्यांना चहा मिळाला. तो पिऊन लगेच आणखी एक मागितला म्हणे. हे मला त्यांनी शंभरदा ऐकवलंय. आणि समोर ठेवलेला कप त्यांनाच ओळखू आला नाही.

"अगं, मी पण तीच गं. तुझ्यासारखीच," आई रडत म्हणाल्या. मी हिंदीत सांगितलं. केसरने आमचा टीव्ही बघितला, फ्रिज बघितला, भिंतीवरचा माझ्या नवऱ्याचा डिग्रीचा फोटो बघितला. "मज़ाक मत करो, दीदी," ती म्हणाली.

आईंनी केसरचा कप उचलला, त्यात स्वतःसाठी चहा ओतला आणि फुलाफुलांचा कप तिच्या हातात दिला. मग कागदावर सही केली. केसर त्या कपाकडे नुसती बघत बसली.

"मोरां, तू बाहेर कशाला गं? आत ये बाळा, दूध पी," आईंनी हाक मारली.

पोरगी आत आली. आधी केसरकडे बघितलं. मग दप्तराची चेन उघडली, वह्यांच्या मागून एक छोटा स्टीलचा कप काढला आणि आईंसमोर जमिनीवर ठेवला. ज्या शाळेसाठी आई दोन दिवस ठाण मांडून बसलेल्या, त्या शाळेत ती रोज तो घेऊन जात होती.