एकाच सिनेमात जगलेला माणूस

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. नव्वदच्या दशकात दुबईत, अल कुसैसला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक नायजेरियन गृहस्थ राहायचे. तिकडे सिनेमात नट होते, इथे पेपरात बातमीदार. प्रत्येक सिनेमात ते मरायचे. लिफ्टमध्ये भेटले की छातीवर हात दाबून, डोळे फिरवून एखादं मरण करून दाखवायचे. घाबरलेल्या बायका पुढच्याच मजल्यावर उतरायच्या.

एकदा त्यांनी आपल्या सिनेमाची कॅसेट दिली. "माझ्याकडे एवढीच उरलीय, माय फ्रेंड." त्याच शुक्रवारी शारजात मॅच, मला ड्यूटी, आणि घरात कोरी कॅसेट नाही. मी त्यांच्याच कॅसेटवर मॅच रेकॉर्ड केली.

"कसा वाटला?" त्यांनी लिफ्टमध्ये गाठलं.

"फर्स्ट क्लास! तुम्ही मेलात तेव्हा आमची मिसेस रडली."

छातीकडे निघालेला त्यांचा हात थांबला. "हबीबी, त्यात मी मरत नाही. त्या एकाच सिनेमात शेवटपर्यंत जगलोय."

संध्याकाळी मी कॅसेट निमूट परत केली. मग त्यांच्या दारामागून कॉमेंट्री ऐकू आली, पार शेवटच्या ओव्हरपर्यंत. मॅच संपल्यावर तरी आपण दिसू, असं वाटलं असेल त्यांना. पुढे ते मायदेशी गेले.

त्यांचं ते एक जगणं मी अजून देणं लागतो.